ठोकळेघराची शेवटची खोली

मित्रांनो, मी एक जुना संगणकाचा खेळ आहे आणि माझा स्वभाव चिडका आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे तक्रार नको. माझ्या जागी तुम्ही असता तर तुम्हीही चिडला असता. उत्तर आपल्या पोटात आहे, आपण ते घसा फोडून सांगतो आहोत, समोर बसलेले माणूस त्याच उत्तरासाठी कपाळाला हात लावून बसले आहे, आणि तरी ते त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. असे वर्षानुवर्षे झाले तर देवमाणसाचाही तोल जाईल. मी तर साधा खेळ.

माझे नाव ठोकळेघर. माझा मुक्काम एका कॅसेटमध्ये. गाण्यांची असायची तसलीच कॅसेट. तुमच्यापैकी पुष्कळांनी ती पाहिलीही नसेल. त्या काळी घरात नव्याने आलेल्या संगणकाला काही म्हणजे काही लक्षात राहत नसे. बटण बंद केले की सगळे विसरला. मग दर वेळी त्याला टेपरेकॉर्डर जोडायचा, कॅसेट घालायची आणि माझी हकिकत पहिल्यापासून त्याच्या कानात ओतायची. हे ओतणे काही मंजुळ नव्हते. टीव्हीतून असा कर्कश चीत्कार निघे की घरातली मांजर कपाटावर चढून बसे. हा चीत्कार लक्षात ठेवा. माझ्या सगळ्या दुर्दैवाचे मूळ त्यात आहे.

मला दोघांनी घडवले, एका बहिणीने आणि तिच्या धाकट्या भावाने. बहिणीला घरात ताई म्हणत, भावाला धाकटा. ताई खोकी बनवण्याच्या कारखान्यात नकाशे काढायची. कोणते खोके कसे दुमडेल, कशावर काय रचले की ट्रकमध्ये हलणार नाही, हे तिला बघताक्षणी कळे. धाकटा टीव्हीदुरुस्तीच्या दुकानात कामाला होता. घरचा टीव्ही त्यानेच दुकानातल्या मोडक्या संचांचे भाग जमवून उभा केला होता. त्याचे मागचे झाकण कधी नीट बसलेच नाही आणि पडदा तापला की त्यातून जळक्या धुळीचा वास येई. संगणकही असाच, कुणीतरी नको म्हणून दुकानात टाकून गेलेला.

माझ्या खोल्या साबणाच्या होत्या. हसू नका, खरे सांगतो. ताई कपड्यांच्या साबणाच्या वड्या तारेने कापून त्यांचे सारखे ठोकळे करी. जेवणाच्या टेबलावर ताटात ते रची. इथे भिंत, इथे पायरी, इथे दार. मनासारखी खोली झाली की ती कागदावर उतरवी आणि मग धाकटा त्या कागदावरून आकडे बनवून संगणकात भरत बसे. त्या दिवसांत घरभर साबणाचा वास असे आणि भाजीलाही तो लागे. आई दोघांवर करवादे.

"अगं, माझा साबण कुठं गेला सगळा? धुणं काय हवेनं धुऊ?"

एकदा तर आईने चौथी खोली उचलली आणि चादरींना लावून टाकली.

"आई! ती खोली होती!" ताई ओरडली.

"असेल. आता चादर झाली स्वच्छ. खोली उद्या परत बांध."

ताईने परत बांधली, आणि आधीपेक्षा चांगली बांधली. म्हणून माझी चौथी खोली सगळ्यांना आवडते. याचे श्रेय चादरींना द्यावे की आईला, ते मला अजून ठरवता आलेले नाही.

खेळ असा होता. एक बुटका पाहुणा माझ्या घरात शिरतो. खोलीत ठोकळे पडलेले असतात. ते ढकलायचे, एकावर एक चढवायचे, त्यांवर उड्या मारत दारापर्यंत पोहोचायचे आणि पुढच्या खोलीत जायचे. लांबी, रुंदी, उंची, सगळे त्या पडद्यावर दिसे. त्या काळी ही मोठी नवलाई होती. शेजारची माणसे दाराशी उभी राहून बघत आणि म्हणत, "अरेच्चा, आत खरंच खोली आहे की काय!" तेव्हा मी फुगून बसत असे. कौतुक कुणाला आवडत नाही?

सातवी खोली शेवटची. तिच्यात ठोकळे हवेत तरंगत. आता टीव्हीची काच असते सपाट. काचेवर उंच असलेला ठोकळा आणि मागे असलेला ठोकळा अगदी एकाच जागी दिसतो. मग उडी मारायची कशी? पाहुणा धाडकन खाली पडणार. ताईने त्यावर नामी युक्ती काढली होती. प्रत्येक ठोकळ्याची सावली जमिनीवर पाडायची. सावली ठोकळ्याला चिकटलेली असली तर ठोकळा जमिनीवर, लांब असली तर ठोकळा हवेत. ताटातल्या साबणाशेजारी विजेरी धरून तिने त्या सावल्या काढल्या होत्या. ती खोली तिच्या जिवाचा तुकडा होती. आणि तिथेच माशी शिंकली.

गाण्यांच्या कॅसेटी काढणारा एक प्रकाशक होता. चपलांच्या दुकानावर त्याचे कार्यालय होते. त्याला मी पसंत पडलो. पण कव्हरवर दोघांची नावे घालायला तो तयार होईना.

"एकच नाव घालू," तो धाकट्याला म्हणाला. "संगणकात भरलंय कुणी? तुम्हीच ना? मग झालं तर. ताईंनी चित्रं काढली, ती घरातली मदत. आमच्या घरीही बायको पाकिटं चिकटवते. तिचं नाव छापतो का मी?"

धाकट्याने वाद घातला. पण तो मुळात भिडस्त, आणि प्रकाशकाची जीभ म्हणजे धारदार कात्री. धाकटा मान खाली घालून जिना उतरला, आणि उतरता उतरता त्याच्या डोक्यात दुसरीच कल्पना आली. कव्हर प्रकाशकाचे असेल, पण आतले घर आपले आहे. सातव्या खोलीचे दार उघडले की पलीकडे ताईचे नाव उभे करायचे. चांगले मोठे, ठोकळ्यांच्या अक्षरांत. तिला आधी काही सांगायचे नाही. आपली खोली ती पहिल्या झटक्यात सोडवेल, दार उघडेल आणि समोर आपलेच नाव बघेल. धाकटा त्या विचाराने इतका खूष झाला की घरी येईपर्यंत एकटाच हसत होता.

पण त्या संगणकाची स्मरणशक्ती होती टीचभर. एक गोष्ट आत घालायची तर दुसरी बाहेर काढावी लागे. धाकट्याने इथून काढून बघितले, तिथून काढून बघितले, नाव काही मावेना. शेवटी त्याने खोल्यांतल्या सावल्या काढून टाकल्या.

थांबा, लगेच त्याला शिव्या देऊ नका. त्याने सावल्यांच्या बदली आवाज घातला. पाहुणा ज्या ठोकळ्याकडे तोंड करील तो ठोकळा आवाज देई. खाली असला तर जाड आवाज, टुं. उंच असला तर बारीक, टिं. आवाजाला संगणकात जागाच लागत नाही म्हणा ना. दुकानातल्या टीव्हीवर त्याने सातवी खोली डोळे मिटून सोडवून पाहिली. युक्ती सावलीइतकीच पक्की होती. फक्त माझ्याबरोबरचा माहितीचा कागद आधीच छापून झाला होता आणि त्यावर लिहिले होते, 'सावली पाहून उडी मारा.'

आता त्या चीत्काराची गोष्ट. आईला अर्धशिशीचा त्रास होता. मला संगणकात ओतायला सुरुवात झाली की पलीकडच्या खोलीतून तिचा आवाज येई, "त्या डब्याचा गळा दाबा आधी!" मग ताई टीव्हीचा आवाज पूर्ण बंद करी. माझे ओतणे संपे, खेळ सुरू होई, आणि आवाज पुन्हा मोठा करायचे कुणाच्या लक्षातही येत नसे. जिथे जिथे माझी भावंडे, म्हणजे माझ्यासारख्याच बाकीच्या कॅसेटी, गेल्या तिथेही हेच झाले असणार. चीत्कार कोण ऐकून घेणार? आवाज बंद, आणि मी मुका.

छापून आलेली पहिली कॅसेट, म्हणजे मी, धाकट्याने ताईच्या हातात दिली. तिने कव्हर पाहिले. त्यावर धाकट्याचे एकट्याचे नाव होते. तिने ते पालथे ठेवले. टेपरेकॉर्डर जोडला, आवाज बंद केला, सगळ्या खोल्या झरझर सोडवल्या आणि सातवीत आली. धाकटा मागे उभा होता, हातांची घडी घालून, मिशीतल्या मिशीत हसत.

"सावली कुठाय?" ताईने विचारले.

"काढली."

"काढली म्हणजे?"

"जागा पुरत नव्हती. तू खेळ ना पुढं. शेवटपर्यंत खेळ."

"शेवटपर्यंत कशी खेळू, कपाळ माझं? ठोकळा वर आहे का मागं आहे ते कळायला नको? माझी खोली मारलीस तू!"

"कळतं. नीट बघ तरी. मी दुकानात कितीदा सोडवलीय."

"तुला कळत असेल बाबा. कव्हरवर तुझंच नाव आहे ना."

धाकट्याचे हसू जागच्या जागी विझले. मला वाटले, आता हा सांगेल. 'ताई, आवाज मोठा कर' एवढे चार शब्द हवे होते हो! पण आवाज बंद आहे हे त्या शहाण्याच्या डोक्यातच आले नाही. आईच्या डोक्यापायी त्या घरात टीव्ही नेहमीच मुका असे, त्याला त्याचे वेगळे काही वाटलेच नाही. त्याला वाटले, ताई मुद्दाम खेळत नाही, रुसली आहे. आणि तिचे ते शेवटचे वाक्य त्याच्या काळजाला लागले होते. तो म्हणाला, "आधी पूर्ण खेळ, मग बोल." ती म्हणाली, "आता हात लावला तर नावाची ताई नाही." एकाच आईची लेकरे. हट्टाची वाटणी करताना आईने दोघांनाही भरभरून वाढले होते.

त्यानंतर तक्रारींचा पाऊस पडला. शेवटची खोली सुटत नाही, सावली दिसत नाही, फसवणूक आहे. दुकानदारांनी माझी भावंडे प्रकाशकाकडे परत धाडली. प्रकाशकाने धाकट्याला जिन्यातच गाठून फैलावर घेतले. धाकटा सांगू लागला, "सावली नव्हे, आवाज ऐका असं कागदावर छापा," तर तो म्हणाला, "आवाज मी गाण्यांचे विकतो. तुमचा खेळ बंद!" आणि मी बंद झालो. ज्या दाराशी शेजारी उभे राहून बघत त्या दारात आता ओल्या चादरी वाळू लागल्या.

आता ऐका, मला सर्वांत जास्त चीड कशाची येते. ताईने हात लावणार नाही म्हटले होते ना? धाकटा दुकानात गेला की ती हळूच मला काढी. सावली नसलेल्या खोलीत बसून अंदाजाने उड्या मारी. पाहुणा पडे. पुन्हा मारी, पुन्हा पडे. तिचे ओठ घट्ट मिटलेले असत. कधी डोळ्यांत पाणी येई, ते ती मनगटाने पुसे आणि पुन्हा खेळे. तिला नावाची हाव नव्हती. आपली खोली खरोखरच चुकली होती का, एवढेच तिला जाणून घ्यायचे होते. आणि मी? तिने पाहुण्याचे तोंड वळवले की मी जिवाच्या आकांताने ओरडे, टिं! अगं वर आहे तो ठोकळा, वर! टुं! हा खाली आहे, मार उडी! पण टीव्हीचा गळा दाबलेला. तिचे नाव तिच्यापासून एका दारावर होते. माझ्याने तिला ते दाखववेना.

एकदा आई मावशीकडे राहायला गेली होती. घरात ताई एकटी. खेळता खेळता तिने टीव्हीकडे हात लांब केला. आवाजाच्या बटणाच्या दिशेने! माझा श्वास अडकला. तिची बोटे बटणापाशी आली, बटणाला घासून पुढे गेली, आणि टीव्हीवर ठेवलेला चष्मा उचलून परत आली. त्या दिवशी मी असा काही बिथरलो की संगणक आपोआप बंद पडला. ताईला वाटले, वीज गेली.

पुढे तिचे लग्न झाले. संगणक धाकट्याकडे राहिला. मला मात्र ताईने बरोबर नेले. का नेले, ते तिलाच ठाऊक. नव्या घरी मी गुंड्यांच्या डब्यात पडून होतो. रंगीबेरंगी गुंड्या, तुटक्या चेनी, एक बिनटोकाची कात्री, आणि मी. ओल येई, उन्हाळ्यात फीत ताणल्यासारखी होई, कुणी विचारत नसे. मोठ्या मोठ्या खोल्या पोटात घेऊन मी गुंड्यांखाली दबून होतो. यापेक्षा अपमान तो कोणता?

भाऊबहिणीचे बोलणे तुटले नव्हते. येणेजाणे होते, दुखण्याखुपण्याला धावून जाणे होते. धाकट्याचे लग्न झाले तेव्हा ताई सगळ्यांत पुढे होती. पण गप्पा रंगात आल्या आणि कुणी जुन्या दिवसांचा, साबणाचा विषय काढला की दोघेही उठून पाणी प्यायला जात. एकाच माठावर गाठ पडे आणि तिथेही गप्प.

एकदा माझ्या जिवावरच बेतले. ताईचा नवरा टंकलेखन शिकवायचा. मुलांना ऐकवायला त्याला मजकूर रेकॉर्ड करायचा होता आणि घरात कोरी कॅसेट नव्हती. त्याला मी सापडलो. माझ्या पाठीवरच्या भोकाला त्याने चिकटपट्टी लावली. असे केले की जुने पुसून वर नवे भरता येते. माझ्या सातही खोल्यांवर आता कार्यालयीन पत्रे भरली जाणार होती! 'महोदय, आपले पत्र मिळाले' असे म्हणायला त्याने तोंड उघडले आणि ताई स्वयंपाकघरातून हातातल्या उलथन्यासकट धावत आली.

"ती नाही! ती सोडून कुठलीही घ्या."

"अगं, गुंड्यांच्या डब्यात होती. एवढं काय आहे तिच्यात?"

"धाकट्याची आहे ती."

"मग देऊन टाक ना त्याला."

"देईन. एक दिवस त्याच्या तोंडावर देईन," असे म्हणत तिने चिकटपट्टी नखाने खरवडून काढली. त्या दिवशी मला कळले की मी तिच्या लेखी अजून मेलेलो नाही. बरे वाटले. पण बरे वाटून करता काय? पुन्हा गुंड्याच.

अशीच वर्षे गेली. आई गेली. ताईचे केस पांढरे झाले. धाकट्याने स्वतःचे दुकान काढले, चालवले, आणि आता तो ते बंद करत होता. टीव्ही दुरुस्त करता करता त्याचे कान मात्र बिघडले. एके दिवशी त्याच्या बायकोचा ताईला फोन आला.

"वन्सं, दुकानातलं सगळं सामान घरी आलंय बघा. पाय ठेवायला जागा नाही. तुमचा तो जुना संगणकही आहे. भंगारवाला उद्या यायचाय. त्याला द्यायचा म्हटलं तर हे जेवेनात. काय करू सांगा."

ताईने डबा उघडला, गुंड्या बाजूला केल्या आणि मला पर्समध्ये टाकले.

धाकट्याच्या घरी जाताना गल्लीच्या तोंडापासूनच बातम्या ऐकू येत होत्या. धाकट्याची बायको दारात कानांवर हात ठेवून उभी होती. "या वन्सं. आमच्याकडे पेपर लागत नाही. हे टीव्ही लावतात, सगळी गल्ली बातम्या ऐकते."

धाकटा खोक्यांच्या राशीत बसला होता. ताईने मला त्याच्यासमोर ठेवले.

"ही घे तुझी कॅसेट. तुझं नाव आहे, तुझ्याकडेच ठेव."

"काय?"

"तुझी कॅसेट!" ती ओरडली.

त्याने मला हातात घेतले. कव्हरवरून अंगठा फिरवला. मग उठला, मागचे झाकण न बसणारा तो जुना टीव्ही पुढे ओढला, तारा जोडल्या, बारीक पेचकसाने टेपरेकॉर्डरचा एक स्क्रू इकडेतिकडे फिरवला आणि मला आत घातले. "चालते का बघू," एवढेच म्हणाला.

आणि मित्रांनो, माझा तो चीत्कार सुरू झाला. टीव्हीचा आवाज पूर्ण मोठा होता, कारण धाकट्याला त्याशिवाय ऐकूच येत नसे. खिडक्यांची तावदाने थरथरली. धाकट्याची बायको स्वयंपाकघरातून किंचाळली, "अहो, बंद करा ते! कमी करा आवाज!"

धाकट्याला ते ऐकू आले नाही. ताईचा हात सवयीने बटणाकडे गेला. मी मनात म्हटले, संपले, आता पुन्हा गळा दाबणार. पण धाकटा टीव्हीशी अगदी खेटून बसला होता, कान पुढे करून, लहान मूल बसते तसा. ताईने त्याच्याकडे पाहिले आणि हात मागे घेतला.

खेळ सुरू झाला. तिची बोटे काही विसरली नव्हती. पहिली, दुसरी, तिसरी, चादरींची चौथी, झरझर सुटत गेल्या. जुन्या ओळखीच्या जागी प्रत्येक वळणावर टुं, टिं असे काही वाजत होते, पण तिथे अडत नव्हते म्हणून तिने लक्ष दिले नाही. मग सातवी आली. ती थांबली.

"ही बघ," ती मोठ्याने म्हणाली. "इथं मारलीस तू माझी खोली. एवढी वर्षं सांगायचं होतं तुला. माझं काही चुकलं नव्हतं."

"नव्हतंच चुकलं," धाकटा म्हणाला.

"मग सावली का काढलीस?"

तिने रागारागाने पाहुण्याला जागच्या जागी गरकन वळवले. टुं. टिं. टिं. टुं. आवाज खोलीभर घुमला. तिने मान वर केली. पुन्हा वळवले, या वेळी सावकाश. टिं. थांबली. टुं. तिने जाड आवाजाच्या ठोकळ्यावर उडी मारली. पाहुणा पडला नाही.

"अरे," ती पुटपुटली. मग ओरडून विचारले, "हे कधी घातलंस?"

"सावली काढली तेव्हाच."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तुला ऐकू येतच असेल असं वाटलं. मी दुकानात खेळून बघायचो, तिथं आवाज मोठा असायचा. घरी आईचं डोकं... माझ्या ध्यानातच आलं नाही ताई. फार उशिरा आलं. तोवर तू सासरी गेली होतीस."

"नंतर तरी सांगायचंस, गाढवा! माठाशी इतक्यांदा भेटलो!"

"तू म्हणालीस ना, 'कव्हरवर तुझंच नाव आहे'." तो खाली बघत म्हणाला. "मग मीही म्हटलं, राहू दे. आणि आता मला बारीक आवाज ऐकूच येत नाही. परवा दुकानात दुसऱ्या कॅसेटवर खेळून बघितलं. सारखा पडतो. तू खेळ. दार तूच उघड."

ताईने पदराने चष्मा पुसला आणि खेळायला बसली. टुं, उडी. टिं, आधी ठोकळा ढकल, त्यावर चढ, मग उडी. स्वयंपाकघरातून धाकट्याची बायको येऊन मागे उभी राहिली. कानांवरचे हात तिने कधी काढले ते तिलाही कळले नाही. शेवटचा ठोकळा अगदी वर होता. टिं. ताईने उडी मारली.

दार उघडले.

काळ्या पडद्यावर एक ठोकळा आला. मग दुसरा. एकेक अक्षर उभे राहू लागले. मला किती घाई झाली होती म्हणून सांगू! इतक्या वर्षांचे ओझे पोटातून उतरत होते आणि संगणक आपला गोगलगाईच्या चालीने एकेक ठोकळा मांडत होता. शेवटी संपूर्ण नाव उभे राहिले. ताईचे नाव, ठळक, पडदाभर. त्याच्या पायाशी, बारीक, धाकट्याचे. आणि ताईच्या नावाच्या प्रत्येक अक्षराची जमिनीवर सावली पडली होती. तिने साबणाशेजारी विजेरी धरून काढलेली तीच सावली. खोल्यांतून काढलेल्या सावल्यांपैकी मावतील तेवढ्या धाकट्याने तिथे नेऊन ठेवल्या होत्या.

ताई पडद्याजवळ सरकली. मग पडद्यावर बोट ठेवून तिने सावलीची कड तपासली.

"डावीकडची थोडी लांब झालीय," ती म्हणाली आणि हमसाहमशी रडू लागली.

"काय?" धाकट्याने विचारले.

"काही नाही रे. बरोबर आहे म्हटलं!"

संगणक भंगारात गेला नाही. मीही आता गुंड्यांत नाही. सुटीच्या दिवशी ताई येते, दोघे टीव्हीसमोर बसतात, ती ऐकते, तो बघतो, आणि गल्लीतले लोक कानांवर हात ठेवतात. पण माझी चीड अजून पुरती गेलेली नाही. एका बटणापायी, एका न बोललेल्या वाक्यापायी गेलेली वर्षे कोण भरून देणार? म्हणून मित्रांनो, तुमच्या घरात एखादी जुनी वस्तू अडून बसली असेल तर ती वाईट आहे असे लगेच ठरवू नका. तिला ओलीपासून जपा, तिच्यावर दुसरे काही भरू नका, आणि आधी तिचा आवाज कुणी बंद करून ठेवला आहे का ते बघा. तुमच्या बहिणीभावांच्या बाबतीतही हेच करा.

ताईचे नाव काय होते, ते मात्र मी सांगणार नाही. ते सातव्या खोलीच्या पलीकडे आहे. या, बसा, आवाज मोठा करा आणि स्वतः दार उघडून वाचा.